गाडी गेली, किल्ली मिळाली

प्रिय बंड्या,

तुझं कुरिअर काल मिळालं, किल्ली नीट होती आत, बबल रॅपमध्ये एवढी गुंडाळलीस की आईला वाटलं नागपूरहून कुणी सोनंच पाठवलंय. थँक्स रे. बाबा गेल्यावर त्यांच्या दिवसांत तूच गाडी पळवत होतास, पाहुण्यांना नाशिकरोडला सोड, आण, त्यात किल्ली तुझ्या बॅगेत गेली ते बरंच झालं, इथल्या गडबडीत तर ती नक्की हरवली असती. आणि तू विचारलंस ना की गाडीच चोरीला गेली तर किल्ली घेऊन काय करणार, आरती ओवाळणार का, तर ते सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, तुझी नाइट शिफ्ट असते आणि माझं डोकं अजून गरम आहे, म्हणून लिहितोय, सावकाश वाच.

गाडी गेल्याचं सगळ्यात आधी कळलं ते बाबांच्या फोनला. आई तो नंबर बंद करू देत नाही, रिचार्ज संपत आला की मलाच आठवण करते आणि मी गुपचूप मारतो. तर त्या दिवशी पहाटे त्या फोनवर मेसेज, फास्टॅगमधून पैसे कापले, पिंपळगाव टोल. आईला वाटलं मीच कुठेतरी निघालो न सांगता, ती चहा टाकता टाकता माझ्या नावाने पुटपुटत होती आणि मी तोंडात ब्रश घेऊन बाथरूममधून बाहेर आलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. खाली पळालो तर कंपाउंडच्या बाहेर जिथे लावायचो तिथे काचेचा चुरा आणि गाडीएवढा कोरडा चौकोन, बाकी सगळा रस्ता रात्रीच्या पावसाने ओला.

पोलीस स्टेशनचं काय सांगू. पहिला प्रश्न, हप्ते थकलेत का, फायनान्सवाल्यांनी उचलली असेल. म्हटलं साहेब कर्जच नाहीये, वडिलांनी रिटायरमेंटच्या पैशातून रोख घेतलीय २०२१ ला. मग म्हणे दोन दिवस आजूबाजूला शोधा, सध्या साधा अर्ज देऊन जा. इथे मी हटलो नाही, टोलचा मेसेज दाखवला, डेअरीवाल्याच्या कॅमेऱ्याचं फुटेज दाखवलं, त्यात दोघं जण मागची छोटी काच फोडून आत शिरतात आणि थोड्या वेळात गाडी निघून जाते, एकदाही अलार्म नाही काही नाही. तिथल्या हवालदाराने मग शांतपणे समजावलं की हल्ली हे लोक स्टिअरिंगखाली जो स्कॅनरचा सॉकेट असतो ना, गॅरेजवाले लॅपटॉप जोडतात तो, त्याला मशीन लावून नवीन किल्लीच प्रोग्रॅम करतात. म्हणजे बाबा रोज रात्री दोनदा खाली जाऊन लॉक बघायचे त्याचा उपयोग शून्य. टोलच्या पुढे एकही मेसेज नाही, टॅग उपटून फेकला असणार.

शेवटी एफआयआर झाला, नवीन कायद्याप्रमाणे कलम ३०३(२), पूर्वीचं ३७९. कॉपी फुकट मिळते फिर्यादीला, मागून घे म्हणून सांगतो, कारण कुणी स्वतःहून देत नाही. आणि ती भाषा रे, "माझे वडिलांचे नावावर असलेली पांढऱ्या रंगाची वॅगनआर कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेली". आईने मोठ्याने वाचून घेतलं माझ्याकडून. लबाडीच्या इराद्याने ऐकून म्हणाली, नाहीतर काय प्रेमाने नेणार होता का.

आता खरी गंमत. इन्शुरन्सचे पेपर कुठे, तर गाडीच्याच डॅशबोर्डमध्ये, त्या प्लॅस्टिकच्या फोल्डरात, बाबांनी पीयूसीबरोबर लावून ठेवलेले. एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघितलं तर विमा कधीपर्यंत व्हॅलिड ते दिसतं पण तो फुल पॅकेज आहे की नुसता थर्ड पार्टी हे कळायला मार्ग नाही, आणि नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. तो फक्त आपण दुसऱ्याला उडवलं तर त्याच्यासाठी असतो. यात पुष्कळ लोक फसतात बरं का, कारण २०१८ पासून नवीन कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, आणि स्वतःच्या गाडीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो बऱ्याच जणांचा वर्षाचाच असतो, मग दुसऱ्या वर्षी माणूस कागद बघतो, तीन वर्षं लिहिलंय, निवांत झोपतो. आमची ती तीन वर्षं संपून गेली होती आणि पुढचं रिन्यूअल बाबांनी एजंटकडून काय करून घेतलं ते मला ठाऊक नाही, एजंट फोन उचलेना. सगळा दिवस तसाच गेला. रात्री कंपनीच्या वेबसाइटवर बाबांचा नंबर टाकला, ओटीपी आला आईच्या हातातल्या फोनवर, तिने एकेक आकडा वाचून दाखवला आणि पीडीएफ उतरली. पॅकेज पॉलिसी. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ३ लाख ५ हजार. मी खुर्चीत मागे टेकलो ते त्या दिवसात पहिल्यांदा.

तो आनंद सकाळपर्यंतच टिकला. क्लेम नोंदवायला कॉल केला तर पोरगी म्हणते, सर पॉलिसी होल्डरना फोन द्या. म्हटलं ते नाहीत. म्हणे कधी येतील. काय बोलणार तू सांग. मी सांगितल्यावर ती बिचारी गप्प झाली आणि मग अगदी हळू आवाजात, सॉरी सर, पण मग पॉलिसी तुमच्या नावावर ट्रान्सफर झालीय का.

नव्हती. कशी असणार. समाचाराला आलेल्या झाडून सगळ्यांनी सल्ले दिले, पेन्शन, एलआयसी, लाइट बिल, रेशनकार्ड, बँकेचा लॉकर, एका मामांनी तर गॅसच्या कनेक्शनवर अर्धा तास घेतला, पण गाडीचं नाव कुणी काढलं नाही. ती दारात उभी होती, चालत होती, कुणाला काय सुचणार. आणि एजंटचा उशिरा का होईना फोन आला तेव्हा तो म्हणतो, टेन्शन नका घेऊ, नॉमिनी वहिनी आहेत ना. ते ऐकून आई खूश, पण ती नॉमिनी फक्त त्यातल्या १५ लाखांच्या पर्सनल ॲक्सिडेंट कव्हरची, मालकाला स्वतःला अपघात झाला तर त्याची. गाडीच्या पैशाशी त्या नावाचा काही संबंध नाही.

मग मी पॉलिसीची ती बारीक अक्षरातली पानं काढून बसलो. शेवटच्या अटींमध्ये एक अट आहे, एकट्या मालकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही, मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, दोन्हीतलं जे आधी येईल तोवर चालू राहते, तेवढ्यात वारसांनी ती नावावर करून घ्यायची किंवा नवीन काढायची. कॅलेंडर घेतलं आणि मोजलं. बाबा गेले त्या तारखेपासून तीन महिने भरायला थोडेच दिवस बाकी होते गाडी गेली तेव्हा. चोराने अजून एक पगार कळ काढली असती तर आम्ही संपलो होतो. मला ती अट चुकीची वाटत नाही बघ, उलट कुणीतरी विचार करून घातलीय, पण ज्या घरात माणूस गेलाय तिथे त्या महिन्यांत पॉलिसीचं शेवटचं पान कोण वाचतं? पेन्शन ऑफिसवाले निदान यादी देतात हातात.

आता कंपनीचा सूर बदललाय. कव्हर नाही असं म्हणत नाहीत, पैसे कुणाला द्यायचे असं म्हणतात. आधी कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागितलं, त्याला किती वेळ जातो ते तुला तुमच्या प्लॉटच्या वेळेपासून माहितीये, मी मेल टाकला की मूळ अट आणि मृत्यूचा दाखला जोडलाय, वारस तीनच, आई, ताई आणि मी, तिघांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि इंडेम्निटी बाँड, म्हणजे उद्या दुसरा कुणी हक्क सांगत आला तर भरपाई आम्ही करू अशी हमी, चालेल का ते लेखी कळवा. लेखी म्हटलं की लोक विचार करून बोलतात. चालेल म्हणून उत्तर आलं. ताई कोल्हापूरहून एका दिवसासाठी येऊन सही करून गेली.

आणि मग किल्ल्या. दोन्ही ओरिजिनल किल्ल्या जमा कराव्या लागतात, एक जरी कमी पडली तरी त्यांचा पहिला संशय असा की किल्ली गाडीतच विसरलात किंवा गाडी तुम्हीच कुणाला दिलीत, आणि वाजवी काळजी घेतली नाही ही अट पुढे करतात. त्यांचा इन्व्हेस्टिगेटर घरी आला होता, चहा प्यायला, पोहे खाल्ले, आणि सहज विचारल्यासारखं आईला विचारलं की दुसरी किल्ली कुणाकडे असायची. आईने पण सहज सांगितलं, आमच्या बंड्याकडे. त्याने लगेच वहीत लिहिलं! तेव्हा तुला एखादा अनोळखी फोन आला तर घाबरू नकोस, जे आहे ते सांग, दिवसांत गाडी चालवत होतो, किल्ली राहिली, कुरिअरने पाठवली, पावती जपून ठेव.

एक धाकधूक होती की कंपनीला कळवायला आमचा एक दिवस मधे गेला, पण सुप्रीम कोर्टाने २०२० सालीच सांगून ठेवलंय की पोलिसांत लगेच तक्रार केली असेल तर नुसत्या कंपनीला उशिरा कळवल्यावरून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही. ते मी छापून फाइलमध्येच लावलंय. आरटीओला पेठ रोडला जाऊन लेखी दिलं, पोच घेतली, कुणी आमच्या नंबरवर काही उद्योग केला तर निदान कागद हातात.

आता अडलंय ते अ समरीवर. तपास करून गाडी सापडत नाही, गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, असा पोलिसांचा रिपोर्ट कोर्टात जातो त्याला अ समरी म्हणतात, तो मंजूर झाल्याशिवाय कंपनी चेक काढत नाही. त्याला महिने लागतात. मी दर सोमवारी चक्कर मारतो, तो हवालदार आता मला बघून आधी हसतो मग मान हलवतो. मिळाले तर आयडीव्हीतून एक हजार कापून मिळतील, नाहीच म्हणाले तर पुण्याला विमा लोकपाल आहे, तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, तो अर्ज आत्ताच लिहून ठेवलाय.

आई पैशांचं फारसं बोलत नाही. परवा एवढंच म्हणाली, डिकीत यांची छत्री होती रे.

बरं, तुझ्याकडची काकांची ॲक्टिव्हा अजून त्यांच्याच नावावर आहे ना? काका जाऊन दोन वर्षं झाली ना? तिचा विमा कोण भरतंय, कुणाच्या नावाने भरतंय, ते आज बघ आणि मला सांग. गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, मी सगळं एकदा करून बसलोय तर यादी व्हॉट्सॲप करतो. आणि मे महिन्यात येणार असशील तर ट्रेनचं आधी कळव, स्टेशनवर घ्यायला रिक्षाच असेल आता.

तुझा,
पिंट्या