बेसमेंटमधील अपघात आणि ज्येष्ठ सभासदांवरील प्रस्तावित बंदी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी लिफ्टशेजारच्या भिंतीवर आदळलेली गाडी मी चालवत होते. त्या वेळी मी सगळ्यांसमोर ठामपणे म्हटले होते की माझा पाय ब्रेकवरच होता, गाडी आपोआप सुटली. गुरुवारी सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीतील संगणकाची नोंद काढून मला दाखवली. आदळण्याआधीच्या पाच सेकंदांत ब्रेक एकदाही दाबलेला नाही, ॲक्सिलरेटर मात्र तळापर्यंत दाबलेला आहे. म्हणून माझे आधीचे म्हणणे मी मागे घेते. भिंतीचा आणि लिफ्टच्या दाराचा खर्च माझा, बिल पाठवावे.

पण मी खोटे बोलत नव्हते, हेही लिहून ठेवते. आजही डोळे मिटले की मला ब्रेक दाबल्याचेच आठवते.

वॉचमनकाका त्याच भिंतीपाशी बसतात. त्या दोन मिनिटांत ते गेट उघडायला गेले होते, एवढेच. त्यांची चेपलेली खुर्ची मीटर रूमबाहेर पडून आहे. भंगारात देण्याआधी ती सभेत आणून ठेवावी, अशी विनंती आहे. येत्या सभेत ६५ वर्षांवरील सभासदांना बेसमेंटमध्ये ऑटोमॅटिक गाडी चालवायला मनाई करण्याचा ठराव आहे, म्हणून हे पत्र. माझे वय ४२ आहे आणि १९ वर्षे मी रोज गाडी चालवते. तो ठराव आधीच झाला असता, तरी रविवारची गाडी थांबली नसती.

हे कसे घडते ते मी या आठवड्यात वाचून काढले. मानवी हालचालींचे अभ्यासक रिचर्ड श्मिट यांनी १९८९ मध्ये याची चांगली उकल केली आहे. मेंदू आज्ञा ब्रेकचीच देतो, पण पाय थोडा उजवीकडे पडतो. ब्रेकची आज्ञा दिली म्हणून ब्रेकच दाबला, अशी आपली खात्री असते. गाडी उसळली की वाटते ब्रेक लागत नाही, आणि आपण आणखी जोर लावतो. मान वळवून मागे बघताना कंबर फिरते, तिच्याबरोबर पायही सरकतो. मी नेमकी मागून येणारी एक सायकल पाहायला वळले होते. अमेरिकेत २०१२ साली झालेल्या एका सरकारी अभ्यासात अशा चुका अगदी वृद्धांबरोबरच विशीच्या आतल्या चालकांकडूनही प्रमाणाबाहेर होताना दिसल्या. तेव्हा वय हे एकच कारण धरून बसलो, तर बाकीचे सगळे बिनधास्त होतील, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

१९८० च्या दशकात तिथे ऑडी ५००० या गाडीबद्दल अशाच तक्रारींचा पूर आला होता. १९८९ च्या सरकारी अहवालाने मुख्य कारण चुकीचे पेडल हेच ठरवले. पण चालकांना दोष देऊन विषय संपला नाही. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून बाहेरच पडू नये, अशी सोय गाड्यांमध्ये आली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली. पाय चुकणारच, हे धरून यंत्र बदलले. आपल्याला बेसमेंटची मांडणी बदलायची आहे, आणि ते काम यंत्र बदलण्यापेक्षा खूप सोपे आहे.

दर वेळी चूक चालकाचीच असते असेही नाही. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीत चौघांचा जीव गेला. गाडी महामार्ग पोलिस दलातला अधिकारी चालवत होता, म्हणजे कसलेला चालक. दुसऱ्या मॉडेलचे जाड रबरी मॅट आत टाकलेले होते आणि त्यात ॲक्सिलरेटर अडकला. आपल्याकडे गाड्या धुणारी मुले जुन्या मॅटवरच नवे मॅट टाकतात, तेही हुकात न अडकवता. परवा मी सहज डोकावले, तर माझ्याच ओळीतल्या तीन गाड्यांत हेच दिसले. त्या मुलांना समितीनेच नीट समजावून सांगावे.

लिफ्टसमोर आणि मुलांच्या सायकल स्टँडसमोर जमिनीत खोल रोवलेले लोखंडी खांब हवेत. चाकाखालचे रबरी ठोकळे पुरणार नाहीत. जोरात सुटलेली गाडी त्यांवरून जाते, माझी गेलीच. खांब बसेपर्यंत लिफ्ट आणि सायकल स्टँडसमोरच्या पार्किंगच्या चार जागा रिकाम्या ठेवाव्यात. माझी जागा त्यांतच येते, मी ती आजच सोडते.

दुसरी विनंती अशी, की एका सकाळी सगळ्या चालकांना बोलावून, गाड्या बंद ठेवून, हाताला एकच सवय लावू या: गाडी सुटली की न्यूट्रल. पेडल अडकले असो वा पाय चुकला असो, न्यूट्रल दोन्हीत कामी येतो. इंजिन घोंघावेल, घोंघावू द्यावे. पाय पूर्ण उचलून पुन्हा ब्रेकवर ठेवायचा आणि एकदाच जोरात दाबून धरायचा. दाब-सोड करू नये, कारण ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेक हलका करणारी निर्वाताची (व्हॅक्यूमची) मदत पुन्हा मिळत नाही आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. इंजिन गाडी थांबल्यावर बंद करावे. बटणाच्या गाडीत धावताना इंजिन बंद करायची वेळ आलीच, तर बटण बहुधा काही सेकंद दाबून धरावे लागते. आपापल्या गाडीचे पुस्तक एकदा उघडून पाहावे. किल्ली मात्र चालत्या गाडीत काढू नये, स्टिअरिंग अडकते. हे मला रविवारी कुणी विचारले असते, तर यातले एकही वाक्य सांगता आले नसते.

सभेत मी स्वतः उभी राहून हे सगळे सांगायला तयार आहे. वॉचमनकाकांची नवी खुर्ची मात्र सभेची वाट न पाहता उद्याच जिन्याच्या आतल्या बाजूला हलवावी.

आपली,
एक सभासद, बी विंग