डेटा सायन्स शिकणाऱ्या पोरांना एकदा दूध डेअरीवर न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की आपल्या पेपरात दरवर्षी करिअरची पानं येतात आणि त्यात डेटा सायन्सवर हमखास एक लेख असतोच, कोणता कोर्स करावा, प्रोग्रॅमिंगला पायथन शिकावं की आर, पॅकेज किती मिळतं वगैरे. मी एमएससी स्टॅटिस्टिक्स करून मागच्या जुलैत पुण्यात एका छोट्या कंपनीत डेटा सायंटिस्ट म्हणून लागलो, आता वर्ष होत आलं, आणि त्या पानांवर मला जे कधी वाचायला मिळालं नाही तेच लिहितोय. पत्र लांबलंय, पण विषय माझ्या फार जवळचा आहे.

कॉलेजात आमच्या हातात डेटा यायचा तो धुऊन पुसून. आयरिसची 150 फुलं, संख्याशास्त्रज्ञ फिशरने 1936 साली आपल्या शोधनिबंधात वापरलेली, तीन जाती, प्रत्येकी 50, एक रकाना रिकामा नाही. नाहीतर टायटॅनिक जहाजाचे 891 प्रवासी, त्यात काहींचं वय आणि बऱ्याच जणांचा केबिन नंबर लिहिलेला नाही, एवढीच काय ती घाण. त्यावर रँडम फॉरेस्ट लावायचं, एक्सजीबूस्ट लावायचं (दोन्ही अंदाज काढायच्या पद्धती), अ‍ॅक्युरसी म्हणजे अंदाज किती बरोबर आले ते लिहायचं, व्हायवा द्यायची. आमचे सर-मॅडम मनापासून शिकवायचे, थिअरी पक्की झाली ती त्यांच्यामुळेच, आजही रोज उपयोगी पडते. पण दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की हा आकडा लिहिला कुणी.

कंपनीत पहिलंच काम मिळालं ते दुधाचं. कुठल्या संकलन केंद्रावर उद्या गाईचं किती दूध येईल आणि फॅट किती लागेल याचा अंदाज काढायचा, म्हणजे टँकर त्या हिशोबाने पाठवता येतात. फाईल 14 लाख ओळींची. मी ती सवयीने एक्सेलमध्ये उघडली आणि ती 10,48,576 ओळींवर थांबली, कारण एक्सेलचं पान तेवढंच असतं, वर एक सूचना आली होती ती मी न वाचताच बंद केली आणि दोन दिवस अर्ध्यामुर्ध्या डेटावर काम करत बसलो. मग एसक्यूएलकडे, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेकडे वळलो तर तिथे वेगळंच. दुधाचं टेबल आणि सभासदांचं टेबल मी सभासद नंबरवर जोडलं, आता 17 नंबरचा सभासद प्रत्येक गावात असतो ना, त्यामुळे एका गावच्या 17 नंबरच्या दुधाला सगळ्या गावांचे 17 नंबर चिकटले आणि एकूण लिटर एवढे फुगले की तेवढं दूध अख्ख्या तालुक्यात निघणार नाही. क्वेरी, म्हणजे माझी ती आज्ञा, मात्र बिनतक्रार चालली, एरर काही आला नाही. ही असली चूक मशीन दाखवत नाही, आकडा बघून आपल्यालाच खटकावं लागतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. सगळं निस्तरून अंदाज काढणारं मॉडेल बसवलं आणि एका केंद्राचा संध्याकाळच्या फॅटचा अंदाज इतका बरोबर येत होता की चूक जवळपास शून्य. मी खूश होऊन कंपनीतल्या आमच्या सिनियर मॅडमना दाखवायला गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "इतकं बरोबर कसं काय येतंय रे? खालचे आकडे बघितलेस का?" बघितले तर दोन महिने संध्याकाळची फॅट प्रत्येक शेतकऱ्याची 3.5, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) 8.5, वरपासून खालपर्यंत तेच. त्यांनी मला तिथल्या तिथे केंद्रावर फोन लावायला सांगितला. फोनवर जे काका होते ते म्हणाले, "अहो साहेब, सांजच्याला लाईट नसती, मशीन बंद, आन् फॅट टाकल्याबिगर सॉफ्टवेअर पुढं जातच नाय, मग साडेतीन टाकतो सगळ्यांना."

फोन ठेवल्यावर मला बराच वेळ काही सुचेना. मी फलटण तालुक्यातला, आमच्या घरच्या दोन गाई, लहानपणी सकाळी किटली घेऊन डेअरीला दूध घालायला मीच जायचो. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा दराचा पाया आहे हे मला पाठ आहे, त्याच्या वर फॅट लागली की पॉइंटमागे पैसे वाढतात, खाली गेली की कापतात. म्हणजे ज्या बाईच्या गाईला 4.1 लागत असेल तिचे दोन महिने रोज संध्याकाळी पैसे गेले, आणि माझ्या स्क्रीनवर तीच गोष्ट मॉडेल भारी चाललंय म्हणून दिसत होती. रात्री घरी फोन केला तर आप्पा म्हणाले, "आपल्याकडंबी करत्यात की कधीमधी, खिळ्याच्या पावत्या बघ आलास की." दिवाळीला गेलो तेव्हा खिळ्याला टोचलेल्या पावत्या काढून बघितल्या. चार संध्याकाळ ओळीनं 3.5.

मॅडमनी रिपोर्टमध्ये मॉडेलच्या आधी, पहिल्या पानावर हीच गोष्ट लिहिली. माझ्या लेखी पहिल्या नोकरीत शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

आणि वाईट याचं वाटतं की हे आम्ही शिकलो होतो. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, त्यांनी 1940 च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांवर काम करताना दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं, कारण कडेवरची रोपं कापणारा माणूस आत ओढून घेतो. कडेला उभा असलेला तो माणूस, त्याची दोरी, त्याची घाई, हे सगळं आकड्यात उतरतं. हे आम्हाला सॅम्पलिंगच्या पेपरला होतं, मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले, पण ते भाताच्या शेतापुरतंच आहे असं डोक्यात बसलं, लॅपटॉपवरच्या डेटालाही ते तसंच लागू होतं हे कळायला तो फोन करावा लागला.

म्हणून आपल्या पेपरातून स्टॅटिस्टिक्स आणि डेटा सायन्सच्या विभागांना एक विनंती करायची आहे. दरवर्षी 29 जूनला, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या जयंतीला, सांख्यिकी दिन असतो, पोस्टर होतात, भाषणं होतात, चांगलंच आहे. पण त्या आठवड्यात एक दिवस मुलांना जवळच्या दूध संकलन केंद्रावर, मार्केट यार्डात, नाहीतर सरकारी दवाखान्याच्या केसपेपर खिडकीशी उभं करा आणि आकडा कसा जन्माला येतो ते बघू द्या. प्रोजेक्टसाठी असाच मळका डेटा द्या, सभासदांची नावं काढून टाकून देणाऱ्या संस्था जवळपास मिळतील. मार्क अ‍ॅक्युरसीला देता त्यातले अर्धे तरी डेटात काय खटकलं हे लिहिण्याला द्या. कंपन्यांनाही सांगणं आहे की नव्या पोराला पहिल्या महिन्यात तिकडे फोन करायची, जमलं तर जाऊन यायची मोकळीक द्या, तो वेळ वाया जात नाही. आमच्या मॅडमनी दिली, सगळ्यांना असे सिनियर मिळत नाहीत. माझ्या बॅचचे दोघंतिघं मोठ्या ठिकाणी आहेत, त्यांना डेटा कुठून येतो हे विचारायलाही तीन लोकांची परवानगी लागते.

ज्युनियर मुलं मला विचारतात की आता कोणता कोर्स लावू. एसक्यूएल नीट शिका एवढंच सांगतो, जॉइनच्या, म्हणजे टेबलं जोडायच्या, आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावा, आणि कुठला आकडा फारच गुळगुळीत दिसला तर तो लिहिणाऱ्याला फोन करा.

कुठल्या विभागाला मुलांना केंद्रावर न्यायचं असेल तर फलटण भागात ओळखीची दोन केंद्रं आहेत, मी स्वतः बरोबर येईन. मला शनिवारी सुट्टी असते, फक्त सकाळी सहाच्या आत पोचावं लागेल, सकाळचं दूध तेव्हाच येतं.

आपला,
एक वाचक, पुणे (मूळ गाव ता. फलटण, जि. सातारा)