रापणीच्या वहीबद्दल, बाबांस

वाखेनिंगन, नेदरलँड्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, एखाद्या दिवशी रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढवत नाही एवढी तारली मासळी लागते आणि मग आठवडाभर कालवणापुरतीही मिळत नाही. वर्षाची बेरीज बरी दिसते म्हणून मच्छीमार संघातले सगळे निर्धास्त आहेत. मला नेमकं तेच खटकलं.

इथल्या विद्यापीठातल्या मार्टेन शेफर यांनी इतरांसोबत २००९ साली याच विषयावर लेख लिहिला. तळं असो, जंगल असो, कोलमडायच्या बेतात आलं की लहानसा धक्काही लवकर भरून निघत नाही. वरपर्यंत जाळी रचलेली होडी कलली की सावकाश सरळ होते आणि तुम्ही लगेच ओझं खाली घ्यायला लावता, तसंच. आकड्यांत हे दोन तऱ्हांनी दिसतं: चढउतार वाढतात, आणि आजचा आकडा कालच्याच वळणावर जातो, म्हणजे मंदी आली की रेंगाळते.

अमेरिकेत स्टीफन कारपेंटर यांच्या गटाने पीटर नावाच्या तळ्यात शिकारी बास मासे थोडेथोडे सोडले; पॉल हे दुसरं तळं तुलनेसाठी तसंच ठेवलं. पीटरमधली अन्नसाखळी पुरती पालटण्याच्या वर्षभराहून आधी तिथले आकडे डचमळू लागले होते. हे २०११ मध्ये छापून आलं.

दर्या म्हणजे तळं नव्हे, हे तुम्ही म्हणणारच, आणि ते खरंय. तारली पाण्याच्या तापमानानेही हलते. मोठे मासे उपसले गेले की सगळी भिस्त कोवळ्या माशांवर येते, त्यानेही चढउतार वाढतात. शिवाय इशारा मिळाला तरी तारीख कळत नाही, कधी इशाऱ्यावाचूनही कोसळतं. म्हणून संघाच्या बैठकीत माझ्या नावावर ‘तारली संपली’ असं कुणाला बोलू देऊ नका.

एक मात्र करा. वहीत फक्त विक्रीचे दिवस आहेत, बाकीचे कोरे. यापुढे रापण रिकामी आली तर शून्य लिहा, टाकलीच नाही तर फुली. कोऱ्या जागेवरून मला दोन्हींतला फरक कळत नाही, आणि सगळा हिशोब तिथेच अडतो. आजोबांच्या वह्या माळ्यावर उंदरांनी ठेवल्या असतील तर दादाला पानापानाचे फोटो काढायला सांगा. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं वाऱ्याचं टिपणही त्यात यायला हवं.

आईला सांगा, आगळाची बाटली न गळता पोचली. तिला सा. न.

तुमचा,
बाबू