अठरा पूर्ण झाली, आता रात्री जायचं कुठे?

महोदय,

नवी पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे. एमपीएससीची तयारी करणारी मुलं मध्यरात्रीनंतरही बसलेली असतात, त्यामुळे कुणी टेबलावर डोकं ठेवून झोपला तर त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र एक मुलगा मित्राच्या जागेवर सलग तीन रात्री झोपलेला दिसला. समोर एकही पुस्तक नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याला चहाला नेलं. वडिलांनी पट्ट्यानं मारलं म्हणून तो घरातून निघाला होता. वय १९. आधार कार्ड आणि बारावीची गुणपत्रिका घरीच राहिली होती. आधारशिवाय लॉजवर खोली मिळेना. हॉस्टेलला डिपॉझिट हवं, शिवाय पालकांची सही हवी. ज्याच्या भीतीनं पोरगं पळालं, त्याचीच सही कुठून आणणार? मी चार-पाच ठिकाणी फोन केले. सगळीकडे आधी वय विचारलं आणि वय सांगितलं की बोलणं तिथंच संपलं. एका रात्र निवाऱ्याच्या दारापर्यंत त्याला घेऊन गेलो, तर आतली थकलेली, वयस्क माणसं बघून तो माझा हात सोडेना. दोष त्या माणसांचा नव्हता, आणि त्याचाही नव्हता.

नंतर मी कायदा वाचून काढला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या संकटातल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर नेतात. त्यांच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे, खुली निवारागृहं आहेत. अठराव्या वर्षानंतर अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची सोय आहे, पण ती बालगृहातून बाहेर पडलेल्यांना. जो आजवर घरीच मार खात राहिला, त्याला ती लागू नाही. मुलींसाठी १८१ हेल्पलाइन आणि सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं साधारण पाच दिवस राहता येतं. ती व्यवस्था मोलाचीच आहे. पण पाच दिवसांत नवी खोली आणि काम दोन्ही कुणाला मिळतं? एकोणीस-वीस वर्षांच्या मुलासाठी तर तेवढीही सोय मला सापडली नाही.

पुण्यात दरवर्षी हजारो मुलं शिकायला, कामाला येतात. एखाद्याचं घराशी तुटतं, एखाद्याला रूममेट बाहेर काढतात, कुणी निकालाच्या दिवशी स्वारगेटच्या स्टँडवर रात्र काढतो. त्या पहिल्या रात्री त्याला आंघोळीला पाणी, गरम जेवण आणि आतून कडी लावता येईल अशी जागा हवी असते. चौकशी सकाळी करता येते.

महापालिकेकडे माझी मागणी मोठी नाही. स्वारगेट किंवा स्टेशनजवळ १८ ते २५ वयोगटासाठी वीस-पंचवीस खाटांची जागा करावी. मुक्काम पंधरा दिवसांचा, गरज असेल तर महिन्याचा. मुलामुलींची व्यवस्था वेगळी. पहिल्या रात्री कागदपत्रांचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी समुपदेशक असावा, आणि घरून कागदपत्रं आणायला पोलिसांची सोबत मिळावी. त्याच्या संमतीशिवाय घरी फोन जाऊ नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाहीतर दुसऱ्यांदा कुणी आपणहून येणारच नाही. शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमावलीत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर बेघर माणसांच्या निवाऱ्याची तरतूद होती आणि वृद्ध, मनोरुग्ण अशा विशेष गटांसाठी वेगळे निवारेही सुचवले होते. तरुणांचा वेगळा निवारा त्याच वाटेनं जाणारा आहे.

तो मुलगा अभ्यासिकेच्या माळ्यावर सतरंजी टाकून अकरा दिवस राहिला. बाराव्या दिवशी त्याची मावशी साताऱ्याहून आली. त्याच्याकडे आमच्या अभ्यासिकेतला मित्र होता, म्हणून तो माझ्यापर्यंत तरी पोहोचला. महापालिकेनं माणूस आणि गाद्या दिल्या, तर हा माळा रात्रीपुरता द्यायला मी आजही तयार आहे.

– एक अभ्यासिकाचालक, नवी पेठ, पुणे