अनुराधपूरची वाट आखून देणाऱ्या सरांस

नागपूर

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

जुलैमध्ये आम्ही आईला घेऊन पाच दिवसांसाठी श्रीलंकेला जाऊन आलो. त्या प्रवासात जे नीट पार पडले, त्यातले बरेचसे आपण एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेल्या सूचनांमुळे पडले, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

आमचा मूळ बेत नैऋत्य किनाऱ्यावर राहण्याचा होता आणि प्रवास कंपनीनेही तोच आमच्या गळी उतरवला होता. जुलैमध्ये त्या बाजूला मोसमी पावसाने समुद्र खवळलेला असतो आणि त्याच दिवसांत पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा किनारा बहुधा कोरडा व शांत असतो, हे आपण नकाशा पुढ्यात ठेवून समजावले नसते, तर आम्ही हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसलो असतो. तो आम्हाला घरी धंतोलीतही दिसतो.

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेची प्राचीन राजधानी अनुराधपूर इथल्या महाबोधीच्या फांद्यांपासून वाढवला आहे, हे आईला पूर्वीपासून ठाऊक होते. परंपरेनुसार इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीचा तो वृक्ष. त्याच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या टेकूंकडे आई बराच वेळ एकटक पाहत राहिली. पहाटे जा आणि पायमोजे न्या, असे आपण लिहिले होते. पायमोजे हॉटेलातच राहिले. जोडे बाहेर काढून दुपारी जेतवनारामाच्या तापलेल्या फरशीवर पाय ठेवला, तेव्हा नागपूरच्या मे महिन्याची सवयही कामी आली नाही. महासेन राजाने तिसऱ्या शतकात उभारलेला हा विटांचा स्तूप मुळात सुमारे 122 मीटर उंच होता आणि त्या काळी गिझाचे दोन पिरॅमिडच काय ते त्याहून उंच होते. आज तो बराच खचला असला, तरी त्याला ‘अवशेष’ म्हणायला जीभ वळत नाही, कारण पांढऱ्या वस्त्रांतली माणसे तिथे आजही फुले वाहत असतात.

पण आपल्या कागदावरची सर्वांत मोलाची ओळ ‘चंद्रशिळेवर बैल शोधा’ ही होती. अनुराधपुरात पायऱ्यांशी बसवलेल्या अर्धवर्तुळाकार शिळांवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल एकामागोमाग चालताना आम्हाला लगेच सापडले. त्यानंतरची राजधानी पोलोन्नरुवा इथल्या वटदागेपाशी, म्हणजे स्तूपाभोवतीच्या गोलाकार वास्तूपाशी, मात्र आम्ही चौघे खाली वाकून शोधत राहिलो, तरी बैल काही सापडेना. मधल्या काळात तिथे चोळांचे राज्य होऊन गेले, शिवमंदिरे उभी राहिली, आणि नंदी म्हणून पूज्य ठरलेल्या बैलावर पाय पडू नये यासाठी तो शिळेवरून वगळला गेला असावा, हा अभ्यासकांचा तर्क मी आपल्याच कागदावरून वाचून दाखवला. त्यावर पोळ्याला दरवर्षी बैलाचे पाय धुणाऱ्या घरात वाढलेली आई सहज म्हणाली, “मग, बैलावर पाय देतात का कुणी?” मला पुस्तकातून उमजायला जे वेळ लागला असता, ते तिला आधीच माहीत होते.

शेवटचे दोन दिवस त्रिंकोमालीजवळच्या नीलावेलीच्या किनाऱ्यावर गेले. त्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही: स्वच्छ वाळू, गुडघाभर पाणी, आणि साडी खोचून पहिल्यांदाच समुद्रात उतरलेली सत्तरीची आई. कोणेश्वराच्या देवळाकडे चढताना ती मधेच बसली, तेव्हा आपण सुचवल्याप्रमाणे आम्ही थ्री-व्हीलर केली.

एक कबुली द्यायची राहिली. आपला कागद माझ्या खिशात होता आणि मी लाटेत पडलो. पोलोन्नरुवाच्या गल विहाराबद्दलच्या, म्हणजे तिथल्या खडकात कोरलेल्या बुद्धमूर्तींबद्दलच्या, शेवटच्या तीन ओळी पुसल्या गेल्या आहेत. धाकटा भाऊ ऑगस्टमध्ये जाणार आहे, तेव्हा त्या पुन्हा लिहून घेण्यासाठी आम्ही येत्या रविवारी आपल्याकडे येतो. आईही सोबत असेल.

आपला कृतज्ञ,
एक शेजारी