‘पूर्णता ९५ टक्के’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

एखाद्या प्रथिनाची रचना उलगडल्याची बातमी येते तेव्हा सोबत रिझोल्यूशन, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो याचे माप, छापलेले असते: अमुक इतके अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग; आकडा जितका लहान तितका तपशील बारीक). विज्ञानाच्या पानावर ते येते हे चांगलेच आहे. पण ती रचना क्ष-किरण विवर्तनाच्या ज्या मोजमापांवर उभी आहे, ती किती पूर्ण होती हे क्वचितच विचारले जाते. शोधनिबंधाच्या कोष्टकातही बऱ्याचदा एका टक्केवारीवर विषय मिटतो. संशोधक विद्यार्थीही हे पान वाचतात, म्हणून त्या टक्केवारीत काय दडून राहू शकते ते लिहीत आहे.

स्फटिकाची सममिती धरून, ठरलेल्या रिझोल्यूशनपर्यंत जितकी स्वतंत्र रिफ्लेक्शन्स (स्फटिकाने विवर्तित केलेल्या किरणांचे डिटेक्टरवरचे डाग) असायला हवीत, त्यांपैकी जितकी खरोखर मोजली गेली त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे पूर्णता. गणित सोपे आहे. अडचण आहे ती कोणती रिफ्लेक्शन्स गेली, यात.

रिफ्लेक्शन्सची संख्या रिझोल्यूशनच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. २ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या डेटात ८ अँगस्ट्रॉम आणि त्याहून ढोबळ रिझोल्यूशनची रिफ्लेक्शन्स साधारण ६४ मध्ये १ असतात. ती सगळीच्या सगळी गेली तरी एकूण पूर्णता ९८.४ टक्के दिसते! रेणूची बाह्यरेषा आणि भोवतालच्या द्रावकाची हद्द मात्र याच रिफ्लेक्शन्सवर ठरते. ती नसली तर मोजमापांवरून काढलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशाची पार्श्वभूमी वर-खाली होते आणि मॉलेक्युलर रिप्लेसमेंट (ज्ञात रचनेच्या आधारे नवी रचना उलगडण्याची पद्धत) हीही अडखळते. ती जातात दोन कारणांनी: बीमस्टॉपच्या (थेट किरण अडवणाऱ्या तुकड्याच्या) सावलीत सापडतात, किंवा इतकी तीव्र असतात की डिटेक्टर संपृक्त होतो आणि प्रोग्रॅम ती टाकून देतो. उपाय म्हणजे किरण क्षीण करून, डिटेक्टर मागे घेऊन आणखी एक जलद फेरी घेणे आणि दोन्ही फेऱ्या एकत्र स्केल करणे (एकाच मापपट्टीवर आणणे). सावलीची कक्षाही प्रोसेसिंगपूर्वी नीट आखावी. ती कमी आखली तर सावलीतले डाग खोट्या, क्षीण तीव्रतेने मोजले जातात, आणि ते गाळण्यापेक्षाही वाईट.

दुसऱ्या टोकालाही हीच गोष्ट. १.९ अँगस्ट्रॉमच्या डेटात २.० ते १.९ या एका कवचात (रिझोल्यूशनच्या एका पट्ट्यात) सुमारे १४ टक्के रिफ्लेक्शन्स असतात. बाकी सगळे पूर्ण आणि हे कवच ६५ टक्केच भरलेले, तरी एकूण आकडा ९५ येतो. चौकोनी डिटेक्टरचे कोपरे वापरून रिझोल्यूशन ताणले की नेमके असे होते, कारण कडेच्या पलीकडचे वलय फक्त कोपऱ्यांतच पकडले जाते. म्हणून पूर्णता कवचाकवचाने पाहावी. मधल्याच कवचांत ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमपाशी खड्डे दिसले तर ती स्फटिकावर जमलेल्या बर्फाची विवर्तन-वलये गाळल्याची खूण समजावी.

कवचांचा तक्ता स्वच्छ असूनही एक उणीव निसटते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते: दिशेची. स्फटिक एकाच अक्षाभोवती फिरवला तर त्या अक्षालगतचा शंकू कधीच एवाल्ड गोलाला (ज्यावर आलेलेच रिफ्लेक्शन मोजता येते त्या काल्पनिक गोलाला) छेदत नाही, ३६० अंश फिरवले तरी. एखाद्या कवचातला हा आंधळा भाग म्हणजे १ वजा कोसाइन थीटा (थीटा म्हणजे विवर्तनाच्या कोनाचा अर्धा, ब्रॅग कोन). तांब्याच्या किरणांनी, म्हणजे १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीने, २ अँगस्ट्रॉमच्या कवचात तो जवळपास ८ टक्के असतो. १ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला तोच ३ टक्क्यांवर येतो. सममिती असेल तर शंकूतल्या रिफ्लेक्शन्सचे समतुल्य जोडीदार बाहेर सापडतात. पण फिरण्याचा अक्ष सममिती-अक्षावरच बसला तर तेही शंकूतच राहतात. मोनोक्लिनिक (बी हा एकच सममिती-अक्ष असलेल्या) स्फटिकात बी अक्षावर बसणे जितके वाईट, तितकेच त्याला काटकोनात बसणे. चपटे, पापुद्र्यासारखे स्फटिक लूपमध्ये (स्फटिक उचलण्याच्या बारीक फासात) आपोआप ठरावीक बाजूनेच बसतात, तिथे हा धोका अधिक. कप्पा गोनिओमीटरवर (स्फटिक कलवता येणाऱ्या फिरत्या आधारावर) स्फटिक कमाल थीटापेक्षा जास्त कलवला की जोडीदार बाहेर येतात. ट्रायक्लिनिक स्फटिकात सममितीची मदत नाही, दुसरी मांडणी घ्यावीच लागते. विखुरलेली १० टक्के रिफ्लेक्शन्स गेली तर नकाशात थोडा गोंगाट वाढतो. पण तीच एका शंकूतून किंवा फाकेतून गेली तर घनता त्या दिशेने ताणली जाते आणि त्या भागातल्या साखळ्या चुकीच्या वाचल्या जातात.

हे सगळे मोजणीआधी टाळता येते. ९० अंशांच्या अंतराने दोन-तीन प्रतिमा घेऊन इंडेक्सिंग (डागांवरून स्फटिकाची जाळी आणि तिची दिशा ओळखणे) करावे, संभाव्य लावे गट (विवर्तनाची सममिती) ठरवावा, मगच प्रोग्रॅमकडून सुरुवातीचा कोन आणि आवाका काढावा. ऑर्थोऱ्हॉम्बिक (तीन परस्परलंब सममिती-अक्षांच्या) स्फटिकाला योग्य जागेपासून ९० अंश पुरतात. चुकीच्या जागेपासून तेवढेच अंश घेतले तर तीच रिफ्लेक्शन्स दुसऱ्यांदा मोजली जातात. ट्रायक्लिनिकला किमान १८० अंश हवेत. सममितीवर फार विसंबूही नये. सममिती-गट ४२२ समजून ४५ अंश घेतले आणि प्रत्यक्षात कमी सममितीचा गट ४ निघाला तर पूर्णता निम्म्यावर येऊ शकते, आणि तोवर स्फटिक किरणांनी खराब झालेला असतो. म्हणून डोस परवडत असेल तर कमी एक्स्पोजरने ३६० अंश घेणेच शहाणपणाचे.

सेलेनियमसारख्या अणूंच्या अनॉमलस संकेतावरून (जोडीतल्या रिफ्लेक्शन्सच्या तीव्रतेतल्या किंचित फरकावरून) फेज (नकाशासाठी लागणारी, थेट न मोजता येणारी तरंगांची कला) काढायचे असतील तर फ्रीडेल जोड्यांची (नेमक्या विरुद्ध दिशांच्या रिफ्लेक्शन्सच्या जोड्यांची) पूर्णता वेगळी मोजावी. साधी पूर्णता १०० टक्के असतानाही ती बरीच कमी असू शकते. विवर्तन दिशेनुसार असमान असेल तर लंबगोलाकार हद्दीतली पूर्णता सांगणे रास्त आहे, मात्र गोलाकार हद्दीतली शेजारी छापूनच. लहान रेणूंच्या क्षेत्रात शिस्त बरी आहे: मॉलिब्डेनमच्या किरणांना थीटा २५.२४ अंशांपर्यंतची पूर्णता स्वतंत्रपणे नोंदवावी लागते आणि कमी पडली तर तपासणी प्रोग्रॅम इशारा देतो.

आणखी एक सूचना नकाशा पाहणाऱ्यांसाठी. काही रिफाइनमेंट प्रोग्रॅम (मॉडेल डेटाशी जुळवत सुधारणारे) न मोजलेल्या रिफ्लेक्शन्सच्या जागी मॉडेलवरून काढलेल्या किमती भरतात. पूर्णता कमी असेल तेव्हा असा नकाशा डेटापेक्षा सुबक दिसतो आणि त्यात मॉडेलच परत दिसू लागते. औषधाचा रेणू खरोखर खाचेत बसला आहे का हे ठरवताना ही भर बंद करून नकाशा पुन्हा काढावा, आणि शंका असलेला भाग मॉडेलमधून वगळून ओमिट नकाशातही पाहावा.

– स्फटिकशास्त्राचा एक अभ्यासक