यंदा पापड नाहीत

पुणे,
रविवार

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी मुद्द्याचं सांगून टाकते, कारण ते माईआत्याकडून कळलं तर तुला दुप्पट राग येईल. यंदा पापड करायचे नाहीत. उडदाचे नाहीत, मुगाचे नाहीत, कुरड्या नाहीत, बिबड्या नाहीत. माईआत्या, अकोल्याची मामी आणि बंड्याची सासू, तिघींनाही फोन करून झालाय की या वर्षी आमच्याकडे रिकामे डबे पाठवू नका. आत्या म्हणाली, "काहून बाप्पा, वहिनीची तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, बरी राहावी म्हणूनच.

तुला न विचारता ठरवलं, कारण विचारलं असतं तर तू "बरं, थोडेसेच करते" म्हणाली असतीस आणि तुझे थोडेसे पाच किलोचे असतात.

एका पापडाने काय होतं, हे तुझं वाक्य मला पाठ आहे. पण एक असतो कुठे? वरणभाताबरोबर पापड, खिचडीबरोबर पापड, पाहुणे आले की पापड, कोणीच आलं नाही तरी पापड. त्यात मीठ असतंच, वर पापडखार. तो खारट लागत नाही म्हणून आपण हिशेबात धरत नाही, पण त्यातही सोडियमच आहे, आणि तुझ्या बीपीचं भांडण सोडियमशीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात माणशी दिवसाला जास्तीत जास्त ५ ग्रॅम मीठ सांगितलंय. म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराचं सगळं मिळून. दोघांचं महिन्याला ३०० ग्रॅम होतं. किलोचा पुडा तीन महिने पुरायला हवा, आणि आपल्या यादीत तो दर महिन्याला असतो. उरलेलं जातं लोणच्यात, पापडात आणि बाबा, तुम्ही ताटात वरून घेता त्या चिमटीत.

दुसरं कारण ऊन. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि तू अकरा वाजता गच्चीवर. मागच्या वर्षी जिन्यात बसून राहिलीस ते तू सांगितलंच नाहीस, खालच्या भाडेकरूंनी सांगितलं. नानांच्या वेळचं सगळं मला आठवतं, आई. त्याबद्दल आणखी लिहीत नाही. गच्चीची किल्ली मात्र आता बाबांकडे राहील. बाबा, ती शर्टाच्या खिशात ठेवू नका, शर्ट तीच धुवायला टाकते.

मला काय वाटत नाही का? तुझं जुनं सुती लुगडं गच्चीवर अंथरलेलं, चार कोपऱ्यांना चार विटा, आणि मला काठी देऊन जिन्याच्या सावलीत बसवलेलं. कावळ्यांपेक्षा जास्त लाट्या मीच खाल्ल्या. तेलात बुडवलेली उडदाची लाटी, हिंगाचा वास, आणि तू खोटंच ओरडायचीस, "पोट दुखेल गं!" पोट कधी दुखलं नाही. म्हणून मुगवड्यांना परवानगी आहे. त्या बिनमिठाच्या घालता येतात, मीठ मग रश्शात बेतानं टाकायचं. खालच्या गॅलरीत, सकाळी आठच्या आत, दोन ताटं. बस.

आता किराणा. इतवारीच्या दुकानात मी फोन करून यादी बदललीय, त्यामुळे सामान आलं की चुकून आलं असं समजून परत पाठवू नका. फल्ली तेलाचा (शेंगदाणा तेलाचा) १५ किलोचा पिपा बंद. डॉक्टर साधारण माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल सांगतात, म्हणून तुमच्या दोघांचं एक लिटर येईल. बरोबर वाचलंस, एक. ज्वारी, चणाडाळ, अख्खे मूग, मटकी, जवस, तीळ, फुटाणे, राजगिरा, हे सगळं वाढवलंय. बेसनाचा पुडा काढून टाकला, चणाडाळ चक्कीवर नेऊन पीठ आणि भरडा दोन्ही दळून आणा. बाबा, घाबरू नका, ओट्स नाहीत. मागच्या वेळी बंड्याने आणलेले तुम्ही कोणाला खाऊ घातले ते मला माहीत आहे.

तुझ्या हाताला मी नावं ठेवतेय असं मनातही आणू नकोस. उलट तू जे कंटाळा आला की करतेस, ते रोजचं व्हावं एवढंच म्हणणं आहे. गोळाभातच घे. भरड्यात हळद, तिखट, जिरं, मूठभर चिरलेली मेथी, भरपूर सांभार (कोथिंबीर), एक चमचा तेल आणि जेमतेम पाणी घालून घट्ट गोळे वळायचे, गंजातल्या (पातेल्यातल्या) भाताचं पाणी आटत आलं की वर ठेवून, झाकण घालून मंद आचेवर वाफवायचे. यात नाव ठेवायला काही नाही. डाळ आहे, पालेभाजी आहे, तळण नाही. घात होतो तो पुढे, गोळा कुस्करून त्यावर आपण पळीने फोडणी ओततो तिथे. ती पळी माळ्यावर टाका. चहाच्या चमच्याने घ्यायची, माणशी एक, लसूण मात्र दुप्पट. आणि ताटात गोळे दोन, भात एक मूद, उलटं नाही. कढी नको असेल तर ताक.

जवसाची चटणी आठवड्यापुरतीच करायची. जवस कोरडे भाजून तडतडले की उतरवायचे, त्यात भाजलेले तीळ, सुक्या मिरच्या, लसूण, जिरं. मीठ नेहमीच्या निम्मं, चिंचेचं बोटूक टाकलंस की कळणारही नाही. जवस अख्खे खाल्ले तर पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटायचे. आणि कुटून फार दिवस ठेवले की खवट होतात, म्हणून मोठी बरणी भरायची नाही. हे तुला शिकवतेय म्हणून हसू नकोस.

कमी मिठाचं पहिले काही दिवस अळणी वाटेल. आंबटाने काम भागतं: लिंबू, ताक, अंबाडी मिळाली तर अंबाडी, आणि आता कैरी येईलच. जिभेला काही आठवड्यांत सवय होते. पण शेजारच्या काकू सांगतात ते "कमी सोडियमचं" मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि तुझ्या बीपीच्या टेल्मिसार्टन गोळीनेही पोटॅशियम वाढू शकतं. बाबांनी प्रदर्शनातून आणलेलं सैंधवही गुलाबी असलं तरी मीठच आहे. ते मोजून घ्यायचं.

बाबा, आता तुमच्याकडे येते. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ८.१ आली हे तुम्ही मला सांगताना ७.१ सांगितलं. रिपोर्ट माझ्याही मोबाइलवर येतो. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केलात, त्याचं कौतुक तुम्हीच करून राहिले. गुळानेही साखर वाढतेच हो. चहा दोन वेळा राहील, तो कोणी काढून घेत नाहीये, फक्त त्यातला गोडवा काढा. मृग बहाराची संत्री आहेत तोवर रोज एक खा, पण सोलून. रस नाही. रस काढला की चोथा वाया जातो आणि एका पेल्यात तीन-चार संत्री सहज पोटात जातात. लहानपणी तुम्ही माझ्यासाठी एकेक फोड सोलून, बिया काढून वाटीत ठेवायचात. आता वरचं साल तेवढं काढा आणि पांढऱ्या शिरांसकट खा, कामाच्या त्याच आहेत.

अंबाझरी तलावावर फिरून झाल्यावर तुमची मंडळी तर्री पोह्याला थांबते. जाऊ नका म्हटलं तर तुम्ही जालच, फक्त मला सांगणार नाही. म्हणून म्हणते, रविवारी जा. पोहे अर्धी प्लेट, चणे जास्त, आणि वर तरंगणारा लाल थर चमच्याने बाजूला सारा. बाकीचे सहा दिवस घरी, मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर चार चमचे पोहे, कांदा, सांभार, लिंबू. झणझणीत करा, तिखटाला कोणी अडवलं नाही, भिवापुरी मिरची घरात आहेच.

संध्याकाळी चार वाजता काहीतरी लागतं दोघांनाही, ते मला माहीत आहे. मुरमुरे, फुटाणे, थोडे फल्लीदाणे, कढीपत्ता, एक चमचा तेलात परतून डब्यात. मीठ नाही. भात बंद नाही, रात्री एक मूद आहेच. होळीला पुरणपोळी होणार, त्यावर तूपही. फक्त बाबांना एक, आणि त्या दिवशी भात नाही.

पुण्यात बसून हुकूम सोडणं सोपं आहे, हे मलाही कळतं. स्वयंपाक तुलाच करावा लागतो, उभं तुलाच राहावं लागतं. म्हणून पहिल्या तारखेपासून भाकऱ्यांना बाई येतील, सकाळी तासभर. पगार मी पाठवतेय, त्यावर वाद नको. त्या फक्त भाकऱ्या थापतील आणि भाजी चिरून देतील. फोडणी तुझीच. डबे कुठले कुठे ठेवायचे हेही तूच सांगायचं. त्यांच्या मागे उभी राहून "अशी नाही, अशी" करू नकोस गं, आधीच्या दोघी त्यानेच गेल्या.

तळणीचं उरलेलं तेल बरणीत साठवणं बंद. सणाला तळलंच तर कढईत मोजकं घ्या आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

बीपी सकाळी चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर ठेवून मोजायचं. आकडा वहीत लिहायचा आणि रविवारी मला पानाचा फोटो पाठवायचा. आईचं बाबांनी मोजायचं आणि बाबांनीच लिहायचं. आई, तू १५८ चे १५० लिहितेस.

तुमची,
ताई